वाहिनीजन्य क्लैब्य : प्रतिमादर्शी निदान

वाहिनीजन्य क्लैब्य : (प्रतिमादर्शी निदान). संभोगास आवश्यक तेवढी ताठरता शिश्नास येणे किंवा आलेली ताठरता टिकणे वारंवार अशक्य होत असेल, तर त्या विकारास क्लैब्य म्हणतात. नपुंसकत्व व षंढत्व हे शब्दही या अर्थी रूढ होते. परंतु त्यांत वंध्यत्वाची कल्पना आणि अवहेलना यांची सरमिसळ झालेली असल्यामुळे शास्त्रीय लेखनात ते टाळणे इष्ट होय. तंत्रिकांचे (मज्जातंतूंचे) विकार, हॉर्मोनांची न्यूनता, काही औषधे आणि मानसिक ताण ही क्लैब्याची कारणे असली, तरी शरीरजन्य कारणांत रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा सर्वांत मोठा आहे. हे विकार ओळखण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी (मानवी कानास ऐकू न येणारा, अतिउच्च कंप्रतेचा ध्वनी), क्ष-किरण आणि चुंबकीय अनुस्पंदन यांवर आधारलेल्या पद्धती वापरतात. त्यांचे निष्कर्ष वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते : पडद्यावर दिसतो तो त्या क्षणीचा रक्तप्रवाह, रोग नव्हे.

उत्थानाची यंत्रणा समजल्याखेरीज या परीक्षांचा अर्थ लागत नाही. शिश्नात दोन बाजूंस स्पंजासारखे दोन गुहामय पिंड असून प्रत्येकाच्या मध्यातून एक बारीक रोहिणी जाते. तिला येणारे रक्त महारोहिणी, श्रोणीतील अंतःश्रोणी रोहिणी आणि तिची आंतर गुह्य शाखा या क्रमाने येते. कामोत्तेजनेच्या वेळी परानुकंपी तंत्रिकांच्या टोकांतून व वाहिन्यांच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडते, रोहिण्यांच्या भित्तीतील व पिंडांतील अरेखित स्नायू शिथिल होतात आणि पिंडांतील पोकळ्या रक्ताने भरू लागतात. फुगलेला पिंड भोवतालच्या चिवट तंतुमय आवरणाखालील सूक्ष्म नीलांना दाबून धरतो व रक्त बाहेर जाण्याची वाट जवळजवळ बंद होते. तात्पर्य, उत्थानासाठी रक्त पुरेसे आत यावे लागते आणि ते आत अडकूनही राहावे लागते. पहिल्यात उणीव असल्यास रोहिणीजन्य दोष, दुसऱ्यात उणीव असल्यास नीलाबंधदोष (प्रचलित भाषेत नीला-गळती) समजतात. मधुमेह, अतिरक्तदाब, धूम्रपान व रक्तातील मेदाधिक्य यांमुळे होणारा रोहिणीविलेपी विकार हे पहिल्या दोषाचे नेहमीचे कारण असून, श्रोणीच्या हाडांचा भंग किंवा मूलाधारावर (गुदद्वार व वृषणकोश यांमधील भागावर) बसलेला मार हे तरुणांतील कारण होय.

क्लैब्याचा रोहिण्यांशी असलेला संबंध रने लरीश या फ्रेंच शस्त्रक्रियाविशारदांनी स्पष्ट केला. महारोहिणी जेथे दुभंगते तेथे ती बंद झाल्यास चालताना नितंब व मांड्या दुखणे, पायांतील नाडी न लागणे आणि क्लैब्य ही लक्षणे एकत्र आढळतात, असे त्यांनी १९४० मध्ये नमूद केले. या लक्षणसमूहास त्यांचेच नाव आहे. १९७३ मध्ये प्राग येथे व्हात्स्लाव्ह मिखाल यांनी शिश्नाच्या रक्तपुरवठ्याची पुनःस्थापना करण्याची शस्त्रक्रिया केली व १९७८ मध्ये मिखाल आणि पोस्पीखाल यांनी शिश्नरोहिणींच्या क्ष-किरण चित्रणाची पद्धत प्रसिद्ध केली. दरम्यान १९७५ मध्ये एबलसन यांनी मधुमेही रुग्णांत डॉप्लर उपकरणाने शिश्नातील रक्तदाब मोजून पाहिला. शिश्नातील व दंडातील दाबांचे गुणोत्तर ०.६ पेक्षा कमी असल्यास रोहिणीदोष समजत. परंतु शिथिल अवस्थेतील मापनावरून उत्थानाच्या वेळची स्थिती कळत नसल्याने ही परीक्षा मागे पडली.

खरी प्रगती एका औषधामुळे झाली. पॅरिसमधील रोनाल्ड व्हिराग यांनी १९८२ मध्ये गुहामय पिंडात पॅपाव्हरीन टोचल्यास उत्थान होते, असे दाखविले. परीक्षागृहात उत्थान घडवून आणता येऊ लागल्यामुळे ते चालू असतानाच रक्तप्रवाह तपासणे शक्य झाले. टॉम लू आणि सॅन फ्रॅन्सिस्को येथील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पॅपाव्हरीन व श्राव्यातीत ध्वनिचित्रण यांची सांगड घातली. आजची रंगीत डॉप्लर परीक्षा ही तिचीच सुधारलेली आवृत्ती होय.

डॉप्लर परीक्षा : ध्वनीचा उगम व त्याचा ग्राहक यांच्यात सापेक्ष गती असल्यास कंप्रता बदललेली भासते, हे तत्त्व क्रिस्टिआन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले. धावणाऱ्या तांबड्या पेशींवरून परावर्तित झालेल्या ध्वनीच्या कंप्रतेत पडणाऱ्या फरकावरून रक्ताचा वेग काढता येतो. मात्र ध्वनिशलाका व रक्तप्रवाह यांमधील कोन ६०° पेक्षा अधिक झाल्यास कोनातील लहानशी चूकही वेगाच्या आकड्यात मोठी होते. शिश्न त्वचेलगत असल्यामुळे ७.५ मेगॅहर्ट्‌झ किंवा त्याहून अधिक कंप्रतेचा शोधक वापरता येतो व अर्ध्या मिमी.ची रोहिणीही स्पष्ट दिसते.

रुग्णाची संमती घेऊन पॅपाव्हरीन किंवा प्रोस्टाग्लँडीन ई-१ पिंडात टोचतात व सुमारे ५ मिनिटांच्या अंतराने अर्ध्या तासापर्यंत दोन्ही रोहिणींतील वेग मोजतात. आरंभी आकुंचनकाल व प्रसरणकाल या दोहोंतील वेग वाढतात. पिंडातील दाब वाढू लागताच प्रसरणकालातील वेग उतरतो, शून्यावर येतो आणि पूर्ण ताठरतेच्या सुमारास काही काळ उलट दिशेने वाहतो. म्हणून एकाच क्षणी घेतलेल्या मापनाला फारसा अर्थ नसतो. पूर्ण ताठरतेत तर निरोगी रोहिणीतील आकुंचनकालीन वेगही घटतो. आकुंचनकालातील कमाल वेग ३० ते ३५ सेंमी./से. किंवा अधिक असल्यास रक्तपुरवठा पुरेसा मानतात; तो २५ सेंमी./से. पेक्षा कमी राहिल्यास रोहिणीदोष संभवतो, तर मधले आकडे संदिग्ध असतात. पुरवठा चांगला असूनही प्रसरणकालाच्या अखेरीचा वेग ५ सेंमी./से. पेक्षा अधिक राहत असल्यास नीलाबंधदोषाची शंका येते. रोहिणीचा पुरवठाच अपुरा असेल, तर नीलांविषयी या परीक्षेवरून निर्णय देता येत नाही, ही मर्यादा अहवालात पुष्कळदा लिहिली जात नाही.

याहून मोठी चूक भीतीमुळे होते. परक्या जागी, अनोळखी माणसांसमोर, सुईच्या धास्तीने रुग्णाच्या अनुकंपी तंत्रिका उद्दीपित होतात व त्यामुळे अरेखित स्नायू शिथिल होण्याऐवजी आखडतात. पिंड पुरता न फुगल्यामुळे नीला दबत नाहीत, प्रसरणकालीन वेग वाढलेलाच राहतो आणि आलेख हुबेहूब नीला-गळतीसारखा दिसतो. या अवस्थेत निरोगी तरुणावरही आजन्म विकाराचा शिक्का बसू शकतो. भारतात हा धोका विशेष आहे. वीर्यनाशाने शक्ती जाते या समजुतीतून तरुणांत उद्‌भवणाऱ्या चिंताविकाराचे वर्णन मनोविकारतज्ञ ना. ना. विग यांनी १९६० मध्ये धातुविकार या नावाने केले होते. असा तरुण आधीच धास्तावलेला असतो व परीक्षागृहात तर अधिकच. यावर उपाय म्हणजे स्वतंत्र, शांत खोली, मंद प्रकाश, रुग्णास काही वेळ एकटे सोडणे आणि ताठरता अपुरी राहिल्यास औषधाची दुसरी मात्रा देऊन पुन्हा मापन करणे. दुसऱ्या मात्रेनंतर पुष्कळ ‘गळत्या’ नाहीशा होतात. १९८० नंतरच्या काळात ही काळजी न घेता झालेल्या निदानांवरून अनेकांच्या नीला बांधण्यात आल्या. सुरुवातीस दिसलेला गुण टिकला नाही. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी शस्त्रक्रिया करू नये.

परीक्षेनंतर रुग्णास लगेच घरी धाडू नये. चार तासांहून अधिक टिकणारे उत्थान हे तातडीचे संकट असून, पिंडातील साकळलेले रक्त वेळीच काढून वाहिनीसंकोचक औषध न दिल्यास ऊतकांचा (समान रचना व कार्य असणाऱ्या पेशींच्या समूहांचा) कायमचा नाश होऊ शकतो.

इतर पद्धती : गुहामय पिंडात लवणद्राव सोडून ठराविक दाब टिकविण्यास दर मिनिटाला किती द्राव लागतो हे मोजतात, निरोगी पुरुषात १०० मिमी. पाऱ्याएवढा दाब टिकविण्यास साधारणतः ३ ते ५ मिलि. पुरतात. त्यानंतर क्ष-किरणांस अपारदर्शक द्रव्य सोडून घेतलेल्या चित्रात कोणत्या नीलांतून ते निसटते ते दिसते. भीतीचा परिणाम येथेही होतो. नीलांची शस्त्रक्रिया मागे पडल्यामुळे ही परीक्षा आता क्वचितच करतात.

रोहिणीचित्रणात मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी आंतर गुह्य रोहिणीपर्यंत नेऊन अपारदर्शक द्रव्य सोडतात. अडथळ्याची नेमकी जागा दाखविण्यात ही पद्धत सर्वांत सरस आहे; पण ती खर्चिक, काहीशी धोक्याची असून शस्त्रक्रियेचा विचार असेल तरच करावयाची असते. अपघातानंतर एकाच ठिकाणी रोहिणी बंद झालेला, अन्यथा निरोगी असा तरुण हा तिचा योग्य रुग्ण. त्याच्या पोटाच्या भित्तीतील एक रोहिणी शिश्नरोहिणीस जोडून पुरवठा सुधारता येतो. संगणकीय छेदचित्रणाने महारोहिणी व श्रोणीतील मोठ्या रोहिण्या उत्तम दिसतात, परंतु शिश्नातील अंत्य शाखा सूक्ष्म असल्याने त्यांचे चित्र भरवशाचे मिळत नाही. चुंबकीय अनुस्पंदनात प्रारणाचा (किरणोत्सर्गाचा) धोका नसला, तरी हीच अडचण येते.

१९९८ मध्ये सिल्डेनाफिल हे तोंडाने घ्यावयाचे औषध उपलब्ध झाल्यापासून बहुसंख्य रुग्णांवर कोणतेही प्रतिमांकन न करता उपचार सुरू करतात व ते योग्यच आहे. (नायट्रेट वर्गातील हृद्रोगाची औषधे घेणाऱ्यास मात्र सिल्डेनाफिल देत नाहीत, दोहोंच्या संयोगाने रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो.) औषधाचा गुण न येणे, अपघाताचा इतिहास, शिश्नास आलेला बाक किंवा न्यायवैद्यकीय प्रश्न असेल, तेव्हा डॉप्लर परीक्षा उपयोगी पडते.

चाळिशी-पन्नाशीच्या रुग्णात रोहिणीदोष आढळल्यास त्याचे महत्त्व निराळेच आहे. शिश्नाच्या रोहिण्यांचा व्यास सुमारे १ ते २ मिमी., तर हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचा ३ ते ४ मिमी. असतो. रोहिणीविलेपी विकार सर्वांगात पसरत असला, तरी अरुंद वाहिनीतील अडथळा आधी जाणवतो. त्यामुळे छातीत दुखू लागण्यापूर्वी साधारणपणे दोन ते पाच वर्षे क्लैब्य आढळते. अशा रुग्णाचा रक्तदाब, रक्तशर्करा व रक्तातील मेदद्रव्ये तपासतात, तंबाखूच्या सवयीची चौकशी करतात आणि हृद्रोगाचा धोका अधिक वाटल्यास श्रमपरीक्षा (चालत्या पट्ट्यावर चालवून घेतलेला हृदयाचा विद्युत् आलेख) करून घेतात.