ऱ्हाईनचं खोरं सायकलवरून : जकात, किल्ले आणि नसलेला पूल

सायकलने बघण्यासारखी नदीची खोरी युरोपात बरीच आहेत. त्यातलं एकच आज आपण घेणार आहोत, जर्मनीतल्या मध्य ऱ्हाईनचं. बिंगेन या गावापासून कोब्लेंझ शहरापर्यंत साधारण ६५ किलोमीटरचा हा पट्टा २००२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. एवढ्याशा अंतरात चाळीसच्या आसपास किल्ले आणि गढ्या आहेत. म्हणजे सरासरी दीड-दोन किलोमीटरला एक. आणि त्यांच्या पायथ्याने जाणारा सायकलचा रस्ता मात्र जवळजवळ सपाट.

इथेच दोन प्रश्न उभे राहतात. दोन्ही बाजूंना कडे असताना रस्ता सपाट कसा? आणि एवढे किल्ले इथेच का? आमचं म्हणणं असं की दोन्हींचं उत्तर एकच आहे: इथे खरा रस्ता म्हणजे नदीच होती.

आधी सपाटीचं बघू. एका बाजूला हुन्सऱ्यूक आणि दुसऱ्या बाजूला टाउनुस, ही दोन पठारं. जमीन हळूहळू वर उचलली जात होती आणि नदी तेवढ्याच चिकाटीने खाली कापत होती. त्यामुळे पाटीच्या दगडाचे उभे कडे तयार झाले, पण नदीचा स्वतःचा उतार अगदी थोडा राहिला. बिंगेन ते कोब्लेंझ नदी उतरते ती फक्त वीसेक मीटर. आपल्याकडच्या एखाद्या लहान खिंडीचा चढसुद्धा याहून जास्त असतो! प्रवाहाच्या दिशेने नावा आपोआप जायच्या, उलट दिशेने मात्र त्या काठावरून दोर लावून, घोडे जुंपून ओढाव्या लागायच्या. घोड्यांना चालायला पाण्यालगत वाट लागते, म्हणून काठाने तशी वाट राखली गेली. मग रस्ते आले, १८५९ साली डाव्या काठाने रेल्वे आली, पुढे उजव्या काठानेही आली. आजचा सायकलमार्ग बऱ्याच ठिकाणी याच चिंचोळ्या पट्टीतून जातो. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला डांबरी रस्ता आणि रूळ, त्यावर द्राक्षमळे आणि सगळ्यात वर किल्ला. ही उतरंड एकदा डोक्यात बसली की खोरं समजायला सोपं जातं.

आता किल्ले. द्राक्षाची दारू, धान्य, मीठ, लाकूड, सगळा माल नदीनेच जायचा. कड्यांमुळे व्यापाऱ्याला बाजूने सटकायला जागा नाही. मग काय, ज्याच्या हातात काठ, त्याच्या हातात जकात. त्यात हा मुलूख एका राजाचा नव्हता. माइन्झ, ट्रीअर आणि कलोन इथले तीन आर्चबिशप आणि पॅलाटिनेटचा सरदार, असे सम्राट निवडण्याचा हक्क असलेले चौघेही या खोऱ्यात जमिनी राखून होते. शिवाय लहानमोठे सरदार वेगळेच. प्रत्येकाचा नाका वेगळा आणि नाक्यावर नजर ठेवायला वर किल्ला. आपल्या नाणेघाटात दगडी रांजण आहे ना, जो जकात गोळा करायला होता असं मानतात? तत्त्व तेच, चिंचोळी वाट धरून बसायचं. फरक एवढाच की तिथे घाट होता, इथे नदी.

याचा त्रास किती होता ते एका गोष्टीवरून कळतं. १२५४ साली ऱ्हाईनकाठच्या शहरांनी बेकायदा जकातीविरुद्ध चक्क संघ काढला. सांक्ट गोआरच्या वर ऱ्हाईनफेल्स नावाचा किल्ला आहे. तिथल्या सरदाराने जकात वाढवली म्हणून १२५५ मध्ये या शहरांनी त्याला वेढा घातला. वर्षभर झुंजूनही किल्ला पडला नाही.

जकातीचा सगळ्यात स्पष्ट पुरावा काउब गावासमोर भर नदीत उभा आहे. त्याला नुसतं प्फाल्ट्स म्हणतात. खडकाळ बेटावरचा हा छोटा किल्ला राजा लुडविग याने १३२६-२७ च्या सुमारास बांधायला घेतला. लांबून तो दगडी जहाजासारखा दिसतो आणि त्याचं टोक प्रवाहाच्या समोर आहे, म्हणजे बर्फाचे तुकडे आदळले तरी फुटून बाजूला जावेत. तिथली जकात थेट १८६०च्या दशकापर्यंत चालू होती. रेल्वे सुरू झाली तरी नाका होताच!

सायकलवरून जाताना लक्षात ठेवायची दुसरी गोष्ट म्हणजे दिसणारा प्रत्येक किल्ला जुना नाही. ढोबळ तीन प्रकार करता येतात. पहिला, भग्न. १६८९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने या भागातले कितीतरी किल्ले उडवले. ऱ्हाईनफेल्स तेव्हा टिकला, पण १७९७ मध्ये क्रांतीनंतरच्या फ्रेंच सैन्याने तोही उडवला. दुसरा प्रकार, नव्याने बांधलेले. १८१५ नंतर या प्रदेशाचा बराच भाग प्रशियाकडे आला. कवी आणि चित्रकार आधीच इथे येऊ लागले होते. टर्नर १८१७ मध्ये येऊन गेला. लोरेलायच्या कड्यावरची ती गाणारी स्त्रीसुद्धा जुनी दंतकथा नव्हे. तिला ब्रेंटानो या कवीने १८०१ मध्ये जन्म दिला आणि हाईनेने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलं. या वातावरणात प्रशियाच्या राजघराण्याने ऱ्हाईनश्टाईन आणि श्टोल्त्सनफेल्स हे पडके किल्ले हौसेने पुन्हा उभारले. नीटनेटके बुरूज, रंगवलेल्या भिंती दिसल्या की समजावं, हे एकोणिसाव्या शतकातलं मध्ययुगाचं स्वप्न आहे. तिसरा प्रकार अगदी दुर्मीळ. ब्राउबाखच्या वरचा मार्क्सबुर्ग हा इथला एकमेव डोंगरी किल्ला, जो कधीच उद्ध्वस्त झाला नाही. एकच बघायचा असेल तर हा बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कोब्लेंझपासून वर माइन्झ-वीसबाडेनपर्यंत, साधारण ८० किलोमीटर, ऱ्हाईनवर एकही पूल नाही. १८१४ च्या नववर्षाच्या रात्री नेपोलियनचा पाठलाग करणाऱ्या ब्ल्यूशरच्या सैन्याने काउबला नदी ओलांडली, तीसुद्धा तात्पुरता तरंगता पूल बांधून. आपल्यासारख्या पाहुण्याला फेरीबोट म्हणजे मजा वाटते. सायकल ढकलत आत न्यायची, काही मिनिटांत पलीकडे. पण समोरच्या काठावर नोकरी किंवा दवाखाना असलेल्या माणसाचा विचार करा. रात्री फेऱ्या थांबल्या की समोर दिवे दिसणारं गाव तासाभराच्या वळशावर जातं.

म्हणून सांक्ट गोआरजवळ पूल बांधावा ही मागणी कित्येक वर्षांची आहे. आणि पुलाने हे दृश्य बिघडेल ही भीतीही तितकीच जुनी. ती भीती पोकळ नाही. ड्रेस्डेनमधलं एल्ब नदीचं खोरं २००४ साली वारसा यादीत आलं आणि नव्या पुलामुळे २००९ साली यादीतून काढलं गेलं. त्यातच दोन्ही काठांवरून रात्रंदिवस मालगाड्या धडधडतात, उभ्या उतारावरचे द्राक्षमळे परवडत नाहीत म्हणून पडीक होत जातात, तरुण मंडळी बाहेर पडतात. जे दृश्य जपायचं, ते मळ्यात राबणाऱ्या माणसांनीच घडवलंय. ती माणसं निघून गेली तर जपणार काय? २०२९ साली राष्ट्रीय उद्यान-प्रदर्शन या खोऱ्यात ठरलं आहे, त्यामागेही खोऱ्यात नवी जान यावी हीच अपेक्षा आहे.

शेवटी, जायचं असेल त्यांच्यासाठी. बिंगेनहून प्रवाहाबरोबर निघा. नदीकाठी किलोमीटरचे मोठे आकडे दिसतील. ते कॉन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले असतात. बिंगेन साधारण ५२९, लोरेलाय ५५४ आणि कोब्लेंझ ५९२, म्हणजे किती उरलं ते आकडाच सांगतो. समोरच्या काठावरचा किल्ला नेहमी जास्त छान दिसतो, म्हणून काठ बदलत चला. बोपार्डपर्यंत डावा काठ, तिथून फेरीबोटीने फिल्झेन, मग उजव्या काठाने ब्राउबाख आणि पुढे कोब्लेंझ, जिथे मोझेल नदी येऊन मिळते. एका दिवसात होतं, पण दोन दिवस घ्या. बाखाराखच्या वरचा श्टालेक किल्ला आता युवा वसतिगृह आहे. तिथे मुक्काम केलात तर चढ मात्र चढावा लागेल. आणि फेरीबोटीत बसाल तेव्हा शेजारी रोज ये-जा करणारा कुणी असेल, तर पूल हवा की नको, एवढं त्याला जरूर विचारा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.