थंडीत गाडी तापते ती चालताना

डिसेंबर लागला की उल्हास नदीच्या काठाने धुकं उठतं आणि कर्जतच्या गल्ल्यांमध्ये पहाटे एक ठरलेला आवाज ऐकू येतो. कुणीतरी खाली येऊन गाडीचा सेल्फ मारतं, इंजिन चालू ठेवतं आणि पुन्हा घरात जातं. तोवर चहा होतो, डबा भरला जातो, स्वेटर सापडतो. दहा मिनिटांनी गाडी निघते ती स्टेशनपर्यंत, जेमतेम दोन किलोमीटर. पुढे मुंबईची लोकल. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: थंडीत इंजिन तापवल्याशिवाय गाडी काढली तर इंजिन लवकर कामाला येतं.

हा समज हवेतून आलेला नाही. एके काळी तो खरा होता, म्हणूनच इतका चिवट आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसिडर आणि १९८३च्या अखेरीस आलेली पहिली मारुती ८००, या सगळ्या गाड्यांमध्ये कार्ब्युरेटर होता. इंजिनने ओढलेल्या हवेच्या झोताबरोबर पेट्रोलचे तुषार आत जायचे. धातू गार असला की त्यातलं बरंच पेट्रोल नळीच्या भिंतींनाच चिकटून राहायचं आणि सिलिंडरपर्यंत पोचणारं मिश्रण पातळ पडायचं. मग इंजिन खोकायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद पडायचं. उपाय म्हणून चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवायचं, आणि धातू तापेपर्यंत धीर धरायचा. त्या काळी इंजिन न तापवता निघणारा माणूस पहिल्याच वळणावर अडकायचा. वडिलांनी मुलाला शिकवलं ते अनुभवातून शिकवलं.

पण शतक बदलता बदलता प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. १ एप्रिल २०२० पासून तर देशभर बीएस-६ मानकं लागू झाली. आजच्या गाडीत कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो इंजिनच्या संगणकाला कळवतो आणि संगणक त्यानुसार इंधन मोजून देतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर आरपीएमचा काटा हजार-बाराशेवर जातो आणि थोड्या वेळाने आपोआप सात-आठशेवर उतरतो, तो याच हिशेबामुळे. चोक ओढण्याचं काम आता गाडीच करते. माणसाच्या हाती ती सवय तेवढी उरली आहे.

दुसरा समज ऑइलचा. थंडीत ऑइल घट्ट होतं, वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून थांबायचं, असं गॅरेजमध्येही ऐकायला मिळतं. ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० असे आकडे असतात. त्यातला डब्ल्यू ‘विंटर’चा, म्हणजे हिवाळ्याचा. ऑइलच्या प्रतींचं प्रमाणीकरण करणाऱ्या एसएई या संस्थेच्या मोजपट्टीनुसार ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांना इंजिन फिरू देतं की नाही, हे तपासलं जातं. १५डब्ल्यूची हीच कसोटी उणे २० अंशांना होते. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात थंडीची लाट आली तरी पारा १० अंशांच्या आसपास असतो. अंगाला ही थंडी बोचते, शेकोट्या पेटतात. त्या ऑइलला मात्र ती थंडी वाटतच नाही. सुरू झाल्यावर काही सेकंदांत ऑइलचा लाल दिवा विझतो, म्हणजेच दाब तयार झालेला असतो.

इंजिनच्या बाजूने पाहिलं तर आणखी एक गंमत लक्षात येते. इंजिन नीट चालतं ते ९० अंशांच्या आसपास. डिसेंबरच्या पहाटे ते तिथपासून साधारण ८० अंश दूर असतं, आणि मे महिन्याच्या पहाटे, हवा २७ अंश असताना, ६३ अंश. म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी मे महिन्यातही गारच सुरू होते. तरी मे महिन्यात कुणी दहा मिनिटं गाडी तापवत बसत नाही, आणि त्यापायी इंजिनं कामाला आल्याचं कुणी सांगत नाही.

मग उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर बिघडतं काय? पहिली गोष्ट म्हणजे ते तापतच नाही, निदान लवकर तरी नाही. उष्णता येते जळणाऱ्या इंधनातून, आणि न्यूट्रलमधलं इंजिन कमीत कमी इंधन जाळतं. हलक्या हाताने चालवलेली गाडी काही किलोमीटरमध्ये जेवढी तापते, तेवढं तापायला उभ्या गाडीला कितीतरी जास्त वेळ लागतो. तोवर संगणक गार इंजिनला पेट्रोल थोडं जास्तच देत राहतो. ते सगळं जळत नाही. काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढत खाली ऑइलमध्ये उतरतो. इंजिन जपण्यासाठी केलेल्या खटाटोपात त्याचं वंगणच पातळ होतं.

त्याच्या जोडीला पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, अर्थात वाफेच्या रूपात. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापलेले असतील तर ही वाफ बाहेर पडते. गार असतील तर तिचे थेंब होतात, ते सायलेन्सरमध्ये साचून तो आतून गंजवतात आणि थोडे ऑइलमध्येही मिसळतात. थंडीत सायलेन्सरमधून दिसणारा पांढरा धूर बहुतेक वेळा हीच वाफ असते. गाडी चालायला लागल्यावर ती दिसेनाशी झाली तर गॅरेज गाठायची गरज नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंटची पातळी उतरत असली, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्यावं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे इंधन जास्त जातंय.

सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. तो काम करू लागतो २५० ते ३०० अंशांना. उभ्या गाडीत तिथवर पोचायला वेळ लागतो, आणि तोवर गल्लीतल्या खिडक्यांमधून घरात जाणारा धूर जवळजवळ न गाळलेला असतो. खिशाचा हिशेबही आहे. छोटी गाडी उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते. रोज दहा मिनिटं धरली तर तीन महिन्यांच्या थंडीत आठ-दहा लिटर पेट्रोल जागच्या जागी संपतं.

अमेरिकेत, जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, तिथल्या ऊर्जा विभागाचा सल्लाही असाच आहे: अर्धा मिनिट थांबा आणि हळुवार निघा.

इथे एखादा जाणता माणूस आठवण करून देतो की गावात मुक्कामी असलेल्या एसटीचा ड्रायव्हर तर पहाटे चांगली दहा-पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवायचा. खरं आहे, आणि त्याचं बरोबरच होतं. एसटीचे आणि ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रीत टाकीतला दाब उतरला की इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर तो पुन्हा भरून काढतो, आणि काटा ठरलेल्या जागी येईपर्यंत गाडी हलवणं धोक्याचं असतं. म्हणजे ड्रायव्हर थांबायचा तो मुख्यतः ब्रेकसाठी. बघणाऱ्यांनी अर्थ लावला इंजिनाचा. घरच्या कारला हवेचे ब्रेक नसतात.

डिझेल गाडीला थोडं वेगळं वागवावं लागतं, पण तेही सेकंदांचंच काम आहे. चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारख्या चित्राचा दिवा लागतो, तो ग्लो प्लगचा. तो विझला की सेल्फ मारायचा. थंडीत डिझेल गोठतं हेही खरं, पण ते लडाखमध्ये. तिथे पारा उणे ३० पर्यंत जातो. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल तिथे आणलं. खोपोलीच्या पंपावर त्याची गरज नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांना तर उभं राहणं विशेष बाधतं, कारण त्यांच्यातला काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला साफ करायला भरपूर उष्णता मागतो आणि ती मोकळ्या रस्त्यावरच मिळते.

सीएनजीच्या बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि थोड्या वेळाने गॅसवर जातात. ‘गॅस थंडीत पेटत नाही’ असा त्याचा अर्थ काढला जातो. मूळ कारण वेगळं आहे. टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. दाब उतरताना तो फुगतो आणि फुगताना भयंकर गार होतो. रेग्युलेटर गोठू नये म्हणून त्याच्याभोवती इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. ते पाणी कोमट होईपर्यंत गाडी पेट्रोलवर चालते, आणि चालत्या गाडीत ते लवकर कोमट होतं. काही नव्या गाड्या थेट सीएनजीवरही सुरू होतात.

कर्जत परिसरातल्या फार्महाउसमध्ये एक वेगळीच पद्धत दिसते. मालक शनिवार-रविवारी येतो, गाडी आठवडाभर उभी. राखणदाराला सांगून ठेवलेलं असतं: रोज पाच मिनिटं चालू करत जा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. यात सद्भावना आहे, पण सेल्फ मारताना बॅटरीतून जे जातं, ते पाच मिनिटांच्या उभ्या चालण्यात जेमतेमच भरून येतं. वर इंजिनमध्ये रोज पाणी साचतं आणि ते उडून जाण्याइतकी उष्णता कधीच मिळत नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवणं किंवा जास्त दिवस जायचं नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवणं, हे दोन्ही उपाय जास्त कामाचे.

आणि एक गोष्ट जिवाशी येणारी. बंद गॅरेजमध्ये, शटर ओढून, थंडीमुळे दार लावून इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणसाला काय होतंय हे कळायच्या आत शुद्ध हरपते. रस्त्यावर गाडी चालू ठेवून घरात चहाला जाणंही नियमात बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा.

पहाटे थांबण्याचं एक कारण मात्र अगदी खरं आहे, आणि ते काचेवर असतं. नदीकाठच्या गावांत पहाटे गाड्या दवाने न्हालेल्या असतात. बाहेरून फडक्याने पुसावं, आतून धुरकटलेली काच एसी लावून, बाहेरची हवा आत घेत साफ करावी. अर्धवट पुसलेल्या भोकातून बघत चौकच्या रस्त्याला लागणं हा इंजिनापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

आता घाटाकडे. कर्जत-खालापूरकरांनी खरी काळजी घ्यायची ती इथे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मुंबईचा माणूस बोरघाटात पोचतो तेव्हा त्याचं इंजिन तास-दीड तास चाललेलं असतं. खोपोलीच्या माणसाचं तसं नाही. जुन्या रस्त्याने गाव सुटतं न सुटतं तोच शिंग्रोबाचा घाट सुरू होतो, आणि खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर चढायचं असतं. नेरळकरांची गत तीच: गाव मागे पडलं की माथेरानची चढण, थेट दस्तुरी नाक्यापर्यंत. ही चढण किती दमवणारी आहे हे रेल्वेला १८६३ पासून ठाऊक आहे. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ असल्याने कर्जतला गाड्यांच्या मागे ढकलायला जादा इंजिनं जोडावी लागतात.

गार इंजिनवर असा भार टाकणं खरोखर वाईट. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ९० अंशांना सगळे भाग एकमेकांत नीट बसतील असं त्यांचं माप ठेवलेलं असतं. गार असताना ते सैल असतात. त्यात ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की झीज होते. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणून निर्धास्तही होऊ नये, कारण तो पाण्याचं तापमान दाखवतो. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून खोपोलीतून निघणाऱ्याने पट्टा लावेपर्यंत, आरसे बघेपर्यंत थांबावं, गावातून हळू जावं, आणि घाट लागला की पहिली काही वळणं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, दोन-अडीच हजार आरपीएमच्या आसपास काढावीत. वरच्या गिअरमध्ये गाडी रडवत, नॉकिंग करत चढवणं गार इंजिनला तितकंच जाचतं. पुढच्या कंटेनरला मागे टाकण्याची घाई असेल तर ती खंडाळ्याजवळच्या वळणांपर्यंत राखून ठेवावी, तोवर ऑइल तापलेलं असतं. कर्जतहून पुण्याला जाणाऱ्याला हा प्रश्नच येत नाही. पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोचतानाच गाडी तयार होते. स्टेशनपुरती गाडी काढणाऱ्याचं इंजिन मात्र कधीच पूर्ण तापत नाही, दहा मिनिटं उभं ठेवूनही नाही. त्याने ऑइल मुदतीच्या थोडं आधीच बदललेलं बरं, आणि जमत असेल तर दोन किलोमीटरला सायकल आहेच.

टर्बो गाडीने घाट दमात चढून लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानासमोर लगेच थांबायचं असेल, तर तिथे एक मिनिट इंजिन चालू ठेवून मगच बंद करावं. टर्बोची चाकं मिनिटाला लाखभर फेरे घेत आलेली असतात, आणि त्यांना गार करणारं ऑइल इंजिन बंद होताच फिरायचं थांबतं.