ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये इथेनॉल का घालू नये?

पेट्रोलमध्ये इथेनॉल चालतं, मग ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये का नको? ऊसपट्ट्यातले श्रोते मला हे वारंवार विचारतात. आज त्याचंच उत्तर.

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. डिझेल इंजिनात ती नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. किती पटकन पेटतं, हे सांगणारा आकडा म्हणजे सीटेन. आपल्या बीएस-६ डिझेलचा सीटेन किमान ५१. इथेनॉलचा? जेमतेम ८ च्या आसपास. शिवाय वाफ होताना इथेनॉल डिझेलच्या तिपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणजे आतली हवा गारच करतं.

मग होतं काय, तर फवारा उडाल्यापासून पेट घेईपर्यंतचा वेळ लांबतो. तेवढ्यात इंधन साठतं, हवेत मिसळतं आणि पेटतं ते एकदम. दाब झटक्यात चढतो. बाहेर आपल्याला खटखट ऐकू येते. आत मार बसतो पिस्टन आणि बेअरिंगला.

फायदाही आहे बरं का. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे काळा धूर घटतो. पण किलोमागे ऊर्जा मात्र डिझेलच्या साधारण दोन-तृतीयांशच.

दोन्ही एकत्र चालवायची एक वाट म्हणजे मिश्रण. त्यात पाणी शिरलं किंवा थंडी पडली की दोन थर होतात, म्हणून त्यांना धरून ठेवणारं रसायन लागतं. दुसरी वाट: इथेनॉल हवेबरोबर आत सोडायचं आणि थोडं डिझेल फवारून ते पेटवायचं. इथं डिझेल काडेपेटीचं काम करतं. लोड कमी असेल तर इथेनॉल अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. लोड फार वाढला, तर पुन्हा ठोके.

'पण नागपुरात इथेनॉलवर बस धावली होती ना?' हो, २०१४ मध्ये, स्कॅनियाची. तिच्यात डिझेल नव्हतंच. सुमारे ९५ टक्के इथेनॉल, पेट घ्यायला मदत करणारं रसायन, आणि हवा २८ पट दाबणारं खास इंजिन. नेहमीचं डिझेल इंजिन १६ ते १८ पटच दाबतं.

म्हणून सांगतो, घरच्या घरी टाकीत इथेनॉल ओतू नका. इंजिनापेक्षाही मोठा धोका टाकीत आहे: डिझेलवर एरवी पेटण्याइतकी वाफ साचत नाही, इथेनॉल मिसळलं की नेहमीच्या तापमानालाही साचते. गोठ्याशेजारी ठेवलेल्या कॅनला मग एक बिडी पुरते.

भेटू पुढच्या भागात. प्रश्न पाठवत राहा!