लेखणीवर चाललेला संसार

१८५९ सालचा ऑक्टोबर महिना. रोममध्ये एक चित्रकार क्षयाने वारला. मागे राहिली त्याची ३१ वर्षांची पत्नी, दोन लहान मुले, तिसरे पोटात आणि डोक्यावर सुमारे हजार पौंडांचे कर्ज. परक्या मुलखात उरलेल्या या बाईपाशी कमाईचे साधन एकच होते, ते म्हणजे लेखणी. तिचे नाव मार्गारेट ओलिफंट.

१८२८ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या मार्गारेटची पहिली कादंबरी १८४९ सालीच प्रसिद्ध झाली होती. पण आता लिहिणे हौसेचे राहिले नव्हते. एडिंबरोला परतल्यावर ती ब्लॅकवुड या प्रकाशकांकडे गेली. त्यांनी तिची नवी कथामालिका नाकारली. ती घरी आली, मुलांशी खेळली आणि मुले झोपल्यावर रात्रभर लिहीत बसली. त्यातून कार्लिंगफर्ड या काल्पनिक गावाची कथामाला सुरू झाली आणि ती वाचकांना आवडली.

पुढे कर्जबाजारी झालेल्या भावाचे कुटुंबही तिच्याच आश्रयाला आले. मुलांना ईटनच्या नामवंत शाळेत शिकवायचे म्हणून ती विंडसरला राहिली. घरखर्च वाढत गेला, तशी पुस्तकेही वाढत गेली. जवळजवळ शंभर कादंबऱ्या, शिवाय चरित्रे आणि असंख्य लेख! बरेचसे लेखन रात्रीचे, घर झोपल्यावरचे.

एवढे लिहून हाती काय लागले? तिची सहाही अपत्ये तिच्या आधी गेली. जॉर्ज एलियटसारखे कुणी आपल्याला जपले असते, तर आपण अधिक चांगले लिहिले असते का, असा प्रश्न तिने आत्मचरित्रात स्वतःलाच विचारला आहे. या बाईला पोटासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी आपली बुद्धी विकावी लागली, ही खंत व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३८ साली 'थ्री गिनीज'मध्ये मांडली.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. तिच्या 'हेस्टर' (१८८३) या कादंबरीतली कॅथरीन व्हर्नन बुडू लागलेली घरची पेढी एकटीने सावरते. बेजबाबदार पुरुषांचा भार वाहणारी ही कणखर बाई तिने इतकी अचूक रंगवली, कारण तो भार तिने स्वतः वाहिला होता. संसाराने तिचा वेळ घेतला खरा, पण लिहायचा विषयही त्यानेच दिला.

२५ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवानंतर तीनच दिवसांनी, ती वारली. पुढे तिचे नाव मागे पडले. १९८०च्या दशकात 'हेस्टर' पुन्हा छापली गेली, तेव्हा नव्या वाचकांना तिची ओळख झाली. घाईत लिहिलेले सगळेच टाकाऊ नसते, हे त्यांनाही पटले असेल.