तबला, कॅसेट आणि पन्नास हर्ट्झ

बाबांच्या तबल्याची एकच कॅसेट आमच्याकडे उरली आहे. गेल्या वर्षी ती संगणकावर उतरवून घेतली आणि पेटीवर सूर ताडून पाहिला, तर तो पांढरी दोनचा निघाला. आई म्हणाली, "छे, त्यांचा तबला कायम काळी एकचा." पेटीवरच्या एका पट्टीचा फरक. खरे कोण, आईची आठवण की कॅसेट?

संगणकात ध्वनिमुद्रण म्हणजे आकड्यांची रांग. सेकंदाला ४४,१०० आकडे. त्यातून अर्थ काढायचा तर आवाजाचे गणिती प्रारूप हवे. मी साधेच घेतले: प्रत्येक बोल म्हणजे विरत जाणाऱ्या काही लहरींची बेरीज. एका लहरीला चार आकडे पुरतात: वारंवारता, जोर, विरण्याचा वेग आणि सुरुवातीची स्थिती. पाच लहरी धरल्या की सेकंदभराचा बोल वीस आकड्यांत मावतो.

पाचच का? ताणलेल्या साध्या चामड्याच्या कंपनांची गुणोत्तरे १, १.५९, २.१४, २.३० अशी असतात, म्हणून त्याला नेमका सूर सापडत नाही. तबल्याच्या पुडीवरची शाई मध्यभागाचे वजन वाढवते आणि पहिली कंपने १, २, ३, ४, ५ अशा जवळजवळ पूर्ण पटींत येतात. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये भारतीय तालवाद्यांचे हे वैशिष्ट्य मांडले. 'ना' वाजवताना अनामिका पुडीवर टेकलेली असते, त्यामुळे सर्वांत खालचे कंपन दबते. माझ्या आलेखातही ते दबलेलेच दिसले. प्रारूप बसले होते.

पण प्रश्न सुटला नव्हता. फीत जलद फिरली तर सगळ्याच वारंवारता एकाच प्रमाणात चढतात आणि गुणोत्तरे तशीच राहतात. तबला स्वतःहून काही सांगणार नव्हता.

मग प्रारूपाच्या लहरी मूळ मुद्रणातून वजा केल्या आणि उरलेले ऐकले. बोटांचा आघात, फितीची खरखर आणि तळाशी एक संथ गुणगुण. ती विजेवर चालणाऱ्या रेकॉर्डरची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने; गुणगुणही तिथेच हवी. ती ५३च्या आसपास होती. वेग सहा टक्के जास्त, आणि सहा टक्के म्हणजे पेटीची जवळजवळ एक पट्टी!

विजेची वारंवारता तेव्हा थोडी वरखाली होत असे, म्हणून हा पुरावा काटेकोर नव्हे. मुद्रण करणारे यंत्र संथ होते की वाजवणारे घाईचे, हेही त्यातून ठरत नाही. पण जी गुणगुण मी सुरुवातीलाच गाळून टाकणार होतो, तीच मोजपट्टी ठरली. तेव्हापासून कोणत्याही मुद्रणातला गोंगाट साफ करण्याआधी मी तो एकदा मोजतो.

वेग उतरवून आईला ऐकवले. तिने डोळे मिटले, दोन आवर्तने मांडीवर ताल धरला आणि म्हणाली, "हां, हे त्यांचं."