ऊसबिलाचा कागद आणि पुढच्या वर्षीचं रिटर्न

"शेतीला टॅक्स नाही, मग कागद कशाला जपायचे?" असे बरेच सभासद बंधू विचारतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरेच. पण घरात कोणी शिक्षक आहे, कोणाचा ट्रॅक्टर भाड्याने जातो, कोणाला ठेवीचे व्याज येते. अशांना रिटर्न भरताना उसाचे उत्पन्नही दाखवावे लागते. १९७३ च्या वित्त कायद्यापासूनची ही रीत आहे. बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेले आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांवर असले, की ते दर ठरवण्यापुरते मिळवतात. म्हणजे उसावर कर नाही, पण उसामुळे पगारावरचा दर चढू शकतो. (दुधाचे पैसे मात्र शेतीत धरत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते.)

निव्वळ म्हणजे खर्च वजा जाता. बेणं, खत, औषध, मजुरी यांच्या पावत्या आजपासून एका पिशवीत टाकत चला. जुलैत दुकानदाराकडे जुनी पावती मागायला गेलात तर तो काय बोलेल ते सांगायला नको.

पासबुकावर भागत नाही. बिलातून सोसायटीचं कर्ज कापलं, ठेव कापली, उरलं ते बँकेत आलं. कर्जाचं मुद्दल फेडलं हा खर्च नव्हे, व्याज तेवढा खर्च. ठेव तर आपलीच. तेव्हा बिलाचा मूळ कागदच हवा. शिवाय हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि आयकराचं वर्ष ३१ मार्चला संपतं. एकाच उसाची पहिली उचल एका वर्षात आणि पुढचा हप्ता दुसऱ्यात पडतो. प्रत्येक बिलावर जमा झाल्याची तारीख लिहून ठेवा.

सगळ्यात मोठा घोळ भावाभावांत होतो. सातबाऱ्यावर तिघांची नावं, ऊसनोंद थोरल्याची, बिलही त्याच्याच खात्यात. घरात वाटणी होते, कागदावर होत नाही. थोरला नोकरीला असला तर तिघांचा ऊस त्याच्याच पगाराच्या दरावर बसतो, आणि मग भावजया-भावजयांत बोलणी सुरू होतात. लागणीची नोंद देतानाच हिश्श्याप्रमाणे द्यावी. गाळप झाल्यावर गट ऑफिसात येऊन काय उपयोग?

शेती उत्पन्न ५,००० रुपयांवर असलं तर 'सहज' हा सोपा फॉर्म चालत नाही. पाच लाखांवर गेलं तर जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, जमीन स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही लिहावं लागतं. सातबारा आणि आठ-अ चा चालू उतारा त्याच पिशवीत असू द्या.