टोल्याची शिरगणती आणि बारमाही रस्ता

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १०,७२,९४२. म्हणजे दर चौरस किलोमीटरला अवघी ७४ माणसे. त्याच वर्षी सबंध महाराष्ट्राचे हे प्रमाण ३६५ होते. दक्षिणेकडे भामरागड भागात वस्ती आणखी विरळ होत जाते. कागदावर गाव एक असले तरी ते पुष्कळदा दोन-तीन टोल्यांत विखुरलेले आढळते. मध्ये नाला असतो, जंगल असते. जेथे धानाची बांधी, मोहाची झाडे आणि पाणी, तेथे माडिया शेतकऱ्याचे घर. ही मांडणी शेतीच्या सोयीची आहे. वाहतुकीच्या दृष्टीने मात्र ती अवघड पडते.

रेल्वे या जिल्ह्याला स्पर्श करते ती उत्तरेकडे, देसाईगंज (वडसा) येथे. भामरागडचा मुख्य रस्ता आलापल्लीहून हेमलकशावरून जातो. इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्यांचा संगम भामरागडजवळच असल्यामुळे पावसाळ्यात पाणी फुगते. पर्लकोटेवरील जुना ठेंगणा पूल तर वर्षानुवर्षे पुराखाली जात आला. नेमके हेच दिवस रोवणीचे. आतल्या टोल्यांत त्या वेळी खताचे पोते पोहोचत नाही, आणि आजाऱ्यास खाटेवर घालून नाला ओलांडावा लागतो.

रस्ता कोणास मिळावा, हे पुष्कळ अंशी डोकी मोजूनच ठरते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत सपाट प्रदेशासाठी ५००, तर डोंगरी, आदिवासी व वाळवंटी भागांसाठी २५० लोकवस्तीची अट होती. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात नक्षलग्रस्त जिल्ह्यांकरिता ही अट १०० आहे, आणि हिशेबास २०११ ची जनगणना धरली आहे. शंभराच्या आतला टोला एकटा राहिला तर यादीबाहेर पडतो.

येथे ग्रामसेवकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. योजनेचे एकक महसुली गाव नव्हे, वस्ती होय. मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५०० मीटरच्या परिघातील, डोंगराळ भागात वाटेने दीड किलोमीटरपर्यंतच्या, वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. समजा, साठ व पंचेचाळीस माणसांचे दोन टोले शेजारी आहेत. वेगवेगळे लिहिले तर दोन्ही बाद. एकत्र लिहिले तर संख्या १०५ होते! अर्जात ‘गाव मोठे आहे, रस्ता व्हावा’ एवढेच लिहून भागत नाही. टोल्याचे नाव, घरे, माणसे, बारमाही रस्त्यापासूनचे अंतर, वाटेतील नाले आणि ते किती दिवस बंद असतात, हे सारे ग्रामसभेत वाचून पक्के करावे. २०२१ ची जनगणना लांबली व आता ती २०२७ ची ठरली आहे. तेव्हा प्रगणकाबरोबर वाट दाखविणारा माणूस द्यावा, म्हणजे शेवटचा टोला सुटणार नाही.

रस्ता होईतो शेतकऱ्याने आपले वेळापत्रक पावसाआधी बसवावे. तेंदूपानाची मजुरी मे महिन्यात हाती येते. तीतूनच पऱ्ह्यांचे बियाणे व खत खरेदी करून मृग लागण्यापूर्वी टोल्यावर आणावे. चार घरांनी मिळून एक फेरी केली तर भाडे हलके पडते. युरियाची पोती मातीवर न टेकविता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. ओल लागल्यास खताचे खडे होतात.